जुना प्रिंटर, नवी विंडोज : ड्रायव्हरचा मागोवा

१९८३ सालचा एपसनचा नऊ पिनी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कुणी धूळ झटकून विंडोज ११च्या संगणकाला जोडला, तर तो छापतो. यूएसबीला पॅरलल पोर्ट जोडणारी केबल बाजारात मिळते, आणि 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' नावाचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. साधा मजकूर तरी कागदावर उतरतोच. आता त्याच संगणकाला कॅननचा लायडी २० हा स्कॅनर जोडून पाहा. या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे त्या प्रिंटरपेक्षा बराच धाकटा. काच स्वच्छ, आतली पट्टी सुरळीत सरकणारी, वेगळी वीजही न मागणारा. विंडोज मात्र त्याला ओळखत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतो आणि काम तिथेच अडतं, कारण कॅननने या स्कॅनरसाठी ६४ बिटी विंडोजचा ड्रायव्हर काढलाच नाही.

अशा वेळी दुरुस्तीवाल्याकडून एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं : ''याचा ड्रायव्हर आता येत नाही, नवीन घेऊन टाका.'' हे वाक्य मला फार सलतं. मोटर चालते, गिअर शाबूत आहेत, टोनर भरलेला आहे, आणि तरी यंत्र भंगारात जातं. थोरला चालतो आणि धाकटा अडतो, हे कोडं यंत्राच्या वयाकडे पाहून सुटत नाही. यंत्राशी बोलायची रीत किती जणांना ठाऊक आहे, त्यावर त्याचं आयुष्य ठरतं. ही रीत आधी कुठे राहत होती, तिथून कुठे हलली आणि कुणाच्या ताब्यात गेली, हे पाहायचं तर पन्नासेक वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवातीला ड्रायव्हर असं वेगळं काही नव्हतंच. ज्याने संगणकावर प्रोग्राम लिहायचा, त्यानेच टेप कशी फिरवायची, छापायच्या यंत्राला अक्षर कसं द्यायचं, हेही लिहायचं. यंत्र बदललं की प्रोग्राम बदलायचा. ही कटकट सोडवण्याचे दोन मोठे प्रयत्न १९७०च्या दशकात झाले. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहिताना ठरवलं की प्रिंटर असो वा डिस्क, प्रोग्रामला ती एक फाइलच दिसावी. फाइलमध्ये लिहिलं की पुढचं काय करायचं ते मधला छोटा तुकडा पाहील. दुसरा प्रयत्न गॅरी किल्डॉल यांचा. त्यांची सीपी/एम ही प्रणाली वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी यंत्रागणिक बदलणारा सगळा भाग एका कोपऱ्यात काढला आणि त्याला बायोस म्हटलं. नवं यंत्र आलं की तेवढा कोपरा नव्याने लिहायचा, बाकीच्याला हात लावायचा नाही. आजचा ड्रायव्हर या दोन्ही कल्पनांचा वारस आहे.

जोडायच्या तारेचा इतिहासही मजेशीर आहे. अमेरिकेतल्या सेंट्रॉनिक्स कंपनीने १९७० साली मॉडेल १०१ हा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणला. सेंट्रॉनिक्सचा वँग लॅबोरेटरीज या गणकयंत्रं बनवणाऱ्या कंपनीशी संबंध होता. वँगकडे ३६ पिनांचे कनेक्टर मोठ्या संख्येने उरून पडलेले होते, तेच या प्रिंटरला वापरले गेले. गोदामात उरलेल्या मालातून जगभराच्या प्रिंटरचं तोंड ठरलं आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं ते तसंच राहिलं. आयबीएमने १९८१ साली आपला पीसी आणला तेव्हा संगणकाच्या बाजूला २५ पिना ठेवल्या, प्रिंटरच्या बाजूला तेच सेंट्रॉनिक्सचं रुंद तोंड.

तार एक झाली तरी तारेतून जाणाऱ्या आज्ञा प्रत्येक कंपनीच्या वेगळ्याच होत्या. त्यांत बाजी मारली जपानच्या एपसनने. १९८०च्या एमएक्स-८० या प्रिंटरचा एवढा खप झाला की आयबीएमने आपल्या पीसीसोबत विकायला तोच प्रिंटर स्वतःचं नाव लावून घेतला. त्याची आज्ञावली पुढे ईएससी/पी या नावाने स्थिरावली. ती किती साधी होती हे जवळून पाहण्यासारखं आहे. प्रिंटरकडे जाणाऱ्या अक्षरांमध्ये २७ हा अंक आला की प्रिंटर समजतो, पुढचं छापायचं नाही, ती आज्ञा आहे. २७ नंतर ६४ म्हणजे सगळं मूळ स्थितीला आण. २७ नंतर ६९ म्हणजे ठळक अक्षर सुरू, २७ नंतर ७० म्हणजे ठळक बंद. नुसता १५ म्हणजे अक्षर बारीक, की ८० रकान्यांच्या कागदावर १३२ अक्षरं मावतात, आणि १८ म्हणजे पुन्हा पहिल्यासारखं. आपल्याकडे डीबेस आणि फॉक्सप्रोमध्ये बिलं, पगारपत्रकं, खतावण्या लिहिणाऱ्या प्रोग्रामरांना 'सीएचआर १५' आणि 'सीएचआर १८' तोंडपाठ असत. त्यांना ड्रायव्हर लागतच नव्हता. प्रिंटरसोबत येणाऱ्या पुस्तिकेच्या मागच्या पानांवर सगळा तक्ता छापलेला असे.

ती पुस्तिका हा या सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा दस्तऐवज वाटतो. एपसनने आपली आज्ञावली छापून दिली, म्हणून इतर कंपन्यांनी ती उचलली. भारतात टीव्हीएसच्या एमएसपी मालिकेपासून अनेक प्रिंटर 'एपसनसारखे' बोलत. त्यामुळे मूळ कंपनीचा ड्रायव्हर हाती नसला तरी विंडोजच्या यादीतला एपसन एफएक्स किंवा एलक्यू निवडायचा आणि काम चालवायचं, हा तोडगा इथल्या हार्डवेअरवाल्यांना कुणी वेगळा शिकवावा लागला नाही. तोडगा चालतो याचं कारण एवढंच, की दोन्ही यंत्रांची भाषा एक आहे.

मराठीपुरतं पाहिलं तर इथे एक वेगळीच अडचण होती. एपसनच्या प्रिंटरला इंग्रजी 'ए' पाठवला की तो आपल्या आतल्या रॉममधून 'ए'चा ठसा काढून छापे. 'क' पाठवायची सोयच नव्हती, कारण रॉममध्ये देवनागरी नव्हती. मग उपाय एकच. प्रिंटरला चित्राच्या अवस्थेत न्यायचं आणि अक्षरातला एकेक ठिपका संगणकाने मोजून पाठवायचा. मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षर, सगळं ठिपक्यांनी. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट तंत्रज्ञान याच काळातलं. सी-डॅकची स्थापना १९८८ची. जिस्टचं कार्ड संगणकाच्या आत बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसवरच्या प्रोग्राममध्ये देवनागरी उमटे. म्हणजे ज्या भाषेला यंत्रात जागाच नव्हती, तिच्यासाठी मधला थर आपल्या लोकांनी स्वतः बांधला. प्रिंटरची आज्ञावली पुस्तिकेत छापलेली नसती तर देवनागरीचे ठिपके पाठवायचे कसे, हेच कळलं नसतं.

डॉसच्या काळात ड्रायव्हरचं ओझं प्रोग्राम वाहत. वर्डस्टारला वर्डस्टारचे प्रिंटर ड्रायव्हर, वर्डपरफेक्टला वर्डपरफेक्टचे, लोटस १-२-३ला त्याचे. १९८३च्या डॉस २.० मध्ये बाहेरचे ड्रायव्हर जोडण्याची सोय आली. 'कॉन्फिग' नावाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली की संगणक सुरू होताना तो ड्रायव्हर स्मृतीत बसे. माउस वगैरेंना त्याचा उपयोग झाला. छपाई मात्र ज्याची त्याच्याकडेच राहिली. १९९०च्या विंडोज ३.० सोबत चित्र पालटलं. प्रोग्रामने फक्त पान कसं दिसावं ते विंडोजला सांगायचं आणि विंडोजने प्रिंटरच्या ड्रायव्हरकडून ते प्रिंटरच्या भाषेत करून घ्यायचं. एका प्रिंटरला एकच ड्रायव्हर आणि तो सगळ्या प्रोग्रामना चालतो, ही केवढी मोठी सुटका होती, हे तेव्हा काम केलेल्यांनाच कळेल.

लेझर प्रिंटर तोवर आले होते. १९८४ सालचा एचपीचा पहिला लेझरजेट आणि १९८५ सालचा ॲपलचा लेझररायटर, दोघांच्या आत छापायचं यंत्र कॅननचंच होतं. फरक डोक्याचा. लेझरजेटकडे १२८ किलोबाइट स्मृती आणि एचपीची पीसीएल ही आज्ञावली; लेझररायटरमध्ये दीड मेगाबाइट स्मृती आणि अडोबीची पोस्टस्क्रिप्ट. त्या लेझररायटरमधला प्रोसेसर तो ज्या मॅकिन्टॉशला जोडला जाई त्याच्यापेक्षा वेगवान होता. किंमतही तशीच, ६,९९५ डॉलर. महाग होते, पण दोन्ही भाषा कंपन्यांनी लिहून प्रसिद्ध केल्या. त्याचं फळ आजही मिळतं. १९९२चा लेझरजेट ४ कुठल्या कार्यालयात अजून टिकून असेल, तर त्याला पीसीएल जाणणारा दुसऱ्या लेझरजेटचा ड्रायव्हर दिला तरी तो पान काढतो. पोस्टस्क्रिप्टच्या प्रिंटरचंही तेच.

गोष्ट वळली ती स्वस्ताईपायी. ३०० ठिपके प्रति इंच या दराने ए-फोर आकाराचं पान भरायला साधारण एक मेगाबाइट लागतो, ६०० ठिपक्यांना चार मेगाबाइटच्या वर. स्मृती महाग होती, प्रिंटरमधला प्रोसेसरही महाग होता, आणि टेबलावरचा पीसी दर वर्षी ताकदवान होत होता. मग कंपन्यांनी विचार केला, प्रिंटरला कशाला हुशार करायचं? पानाचे सगळे ठिपके पीसीनेच तयार करावेत आणि प्रिंटरने ते नुसते कागदावर टाकावेत. असे प्रिंटर 'जीडीआय' किंवा 'होस्ट-बेस्ड' म्हणून विकले जाऊ लागले. त्यांच्यामुळे लेझर छपाई सामान्य माणसाच्या आवाक्यात आली, हे मान्यच केलं पाहिजे. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत, वकिलांच्या कचेऱ्यांत, ग्रामपंचायतींत जे दोन प्रिंटर वर्षानुवर्षं दिसले, एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९००, ते दोन्ही याच जातीचे.

या दोघांकडे जरा जवळून पाहू, कारण सगळी कहाणी त्यांच्यात आहे. दोघांची स्मृती दोन-दोन मेगाबाइट, म्हणजे ६०० ठिपक्यांचं एक पूर्ण पानही न मावणारी. दोघांना टोनर एकच बसतो. रिफिलवाले ज्याला '१२ए' म्हणतात तोच कॅननच्या डब्यावर '३०३' म्हणून येतो. तरी एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालत नाही. एचपीला झेडजेस्ट्रीम नावाच्या पद्धतीने ठिपके हवेत, झेनोग्राफिक्स कंपनीने तयार केलेल्या. कॅननला हवी कॅप्ट, कॅननची स्वतःची. या दोन्ही पद्धतींचा तक्ता कुठल्याही पुस्तिकेत छापून आला नाही.

१०२० तर आणखी पुढे गेला. त्याच्या आत स्वतःला चालवायचा प्रोग्रामही कायमचा ठेवलेला नाही. बटण दाबून तो चालू केला की दर वेळी संगणकाने त्याला फर्मवेअरची फाइल पाठवायची, मग तो प्रिंटर होतो. ती मिळेपर्यंत यूएसबीवरून तो आपलं नाव सांगतो आणि गप्प बसतो. हे तपासताही येतं. प्रिंटर आपल्या ओळखीची एक ओळ संगणकाला देतो. १९९४च्या आयईईई १२८४ या मानकाने पॅरलल पोर्टसाठी ती ठरवली, पुढे यूएसबीवरही तीच राहिली. तिच्यात 'एमएफजी' म्हणजे कंपनी, 'एमडीएल' म्हणजे मॉडेल आणि 'सीएमडी' म्हणजे प्रिंटरला समजणारी आज्ञावली. फर्मवेअर पोचलं की १०२०च्या त्या ओळीत फर्मवेअरची तारीख दाखवणारा एक जादा तुकडा दिसू लागतो. तो नसेल तर प्रिंटर अजून रिकामा आहे असं समजायचं. एलबीपी २९००च्या ओळीत 'सीएमडी' पुढे 'कॅप्ट' एवढंच येतं. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर शोधायला बसलेल्याने सगळ्यात आधी ही ओळ पाहावी, असं मी आग्रहाने सांगेन. तिथे पीसीएल, पोस्टस्क्रिप्ट किंवा ईएससी/पी दिसलं, तर निम्मं काम झालं. मॉडेलच्या नावाचा ड्रायव्हर मिळो न मिळो, ती भाषा जाणणारा कुठलाही चालेल. 'कॅप्ट'सारखं एकाच घरातलं नाव दिसलं, तर कंपनीने जे दिलं असेल त्यावरच सगळं अवलंबून.

कंपनीने माहिती दडवली की काय होतं, याची पहिली ठिणगी फार आधी पडली होती. १९८०च्या सुमारास एमआयटीच्या एआय लॅबला झेरॉक्सचा ९७०० हा लेझर प्रिंटर भेट मिळाला. तिथे काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय केली होती, की कागद अडकला तर वाट पाहणाऱ्यांना निरोप जावा. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मिळेना. कार्नेगी मेलनमधल्या ज्या संशोधकाकडे तो होता त्यांनी गुप्ततेच्या कराराचं कारण देऊन नकार दिला. १९८३ साली स्टॉलमन यांनी जीएनयू हा मोकळ्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांत हा नकार ते स्वतः सांगत आले आहेत. त्या प्रकल्पाचे तुकडे घेऊन उभी राहिलेली जी लिनक्स प्रणाली आज आपण वापरतो, तिच्या मुळाशी एका प्रिंटरचा न मिळालेला कोड आहे, हे मला थोर वाटतं.

विंडोजच्या बाजूला दरम्यान ड्रायव्हरच्या पिढ्यांमागून पिढ्या आल्या. विंडोज ३.१ आणि ९५चे ड्रायव्हर एका साच्याचे, विंडोज एनटीचे दुसऱ्या. विंडोज ९८ आणि २००० साठी 'विंडोज ड्रायव्हर मॉडेल' हा सामाईक साचा आला. १९९६ साली यूएसबीचं पहिलं मानक निघालं. ते घडवणाऱ्या इंटेलच्या चमूत बडोद्यात शिकलेले अजय भट्ट अग्रभागी होते. यूएसबीने एक फार चांगली गोष्ट केली. कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह यांच्यासाठी सामाईक वर्ग ठरवून दिले. वीस वर्षांपूर्वीचा पेनड्राइव्ह आजही लावला की उघडतो, तो त्यामुळेच. प्रिंटरसाठीही वर्ग ठरला, पण त्यात एवढंच म्हटलं होतं की डेटा कसा वाहून न्यायचा. डेटा कुठल्या भाषेत असावा, हे मोकळं सोडलं. स्कॅनरला तर नीटसा वर्गच मिळाला नाही, ज्याने त्याने आपलं घोडं दामटलं. लायडी २० अडतो तो इथे.

मोठी दरी पडली ती ६४ बिटांपाशी. ३२ बिटी विंडोजसाठी लिहिलेला साधा प्रोग्राम ६४ बिटी विंडोजवर चालतो, त्यासाठी मायक्रोसॉफ्टने खास थर ठेवला आहे. ड्रायव्हरला ती सवलत नाही. तो विंडोजच्या गाभ्यात किंवा गाभ्याला चिकटून चालतो, तिथे स्मृतीचे पत्ते ६४ बिटांचे, आणि ३२ बिटी ड्रायव्हरला ते पेलत नाहीत. म्हणजे प्रत्येक कंपनीने प्रत्येक जुन्या यंत्राचा ड्रायव्हर नव्याने बांधायचा होता. ज्याची विक्री केव्हाच थांबली त्यावर कोण पैसे घालणार? २००७ साली विंडोज व्हिस्टा बाजारात आली तेव्हा शेकडो मॉडेलं अशी गळाली. तरीही ३२ बिटी विंडोज मिळत होती, जुनं यंत्र त्यावर ठेवता येत होतं. २०२१च्या विंडोज ११ने ३२ बिटी आवृत्तीच काढली नाही आणि तोही रस्ता बंद झाला.

त्याच्या जोडीला सही आली. ६४ बिटी व्हिस्टापासून गाभ्यातल्या ड्रायव्हरवर डिजिटल सही सक्तीची झाली आणि २०१६ पासून नव्या ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्टच्याच शिक्क्याची गरज पडू लागली. यावर चिडणारे खूप भेटतात. मला मात्र इथे मायक्रोसॉफ्टची बाजू पटते. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ सालच्या निबंधात नोंदवलं होतं की विंडोज एक्सपी कोसळण्याच्या नोंदलेल्या घटनांपैकी ८५ टक्क्यांमागे ड्रायव्हर होते. २०१० साली उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातकी प्रोग्रामने तर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांनी सही केलेले ड्रायव्हर वापरले, आणि पसरण्यासाठी छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधलीही एक फट वापरली. २०२१च्या जुलैत 'प्रिंटनाइटमेअर' ही स्पूलरचीच दुसरी फट जगजाहीर झाली. त्यानंतरच्या ऑगस्टपासून प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला ॲडमिनचा अधिकार लागतो. कार्यालयात साधा प्रिंटर जोडायलाही आयटीवाल्याची वाट पाहावी लागते, ती तेव्हापासून. सहीची तऱ्हा उलटही फिरते. २०२० साली एचपीच्या मॅकसाठीच्या काही जुन्या ड्रायव्हरचं प्रमाणपत्र चुकून रद्द झालं, आणि काल छापणाऱ्या प्रिंटरबद्दल मॅक आज 'हे सॉफ्टवेअर संगणकाला इजा करेल' असं म्हणू लागला. यंत्र तेच, फाइल तीच.

अशा वेळी शोधणारा काय करतो? डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या त्रिकोणावर जाऊन 'हार्डवेअर आयडी' पाहतो. तिथे दोन क्रमांक असतात, कंपनीचा आणि मॉडेलचा. कॅननचा ०४ए९, एचपीचा ०३एफ०, एपसनचा ०४बी८. लायडी २०चा पूर्ण क्रमांक ०४ए९ आणि २२०डी. वरचं स्टिकर निघून गेलेलं असो, डबा हरवलेला असो, हा क्रमांक खोटं बोलत नाही. ड्रायव्हरसोबत 'आयएनएफ' नावाची एक फाइल येते, ती नोटपॅडमध्ये उघडते आणि माणसाला वाचता येते. हा ड्रायव्हर कुठल्या क्रमांकांसाठी आहे, त्याची यादी तिच्यात असते. त्याच घराण्यातल्या नंतरच्या मॉडेलला ६४ बिटी ड्रायव्हर मिळाला असेल आणि आतली चिप तीच असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'हॅव डिस्क' म्हणून त्या भावंडाचा ड्रायव्हर हाताने निवडून पाहता येतो. आयएनएफमध्ये आपला क्रमांक घुसडणारेही आहेत. पण त्या फाइलला हात लागला की सही तुटते, मग सहीची सक्ती तात्पुरती बंद करून संगणक सुरू करावा लागतो. ते मी कुणाला सुचवणार नाही, निदान ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात त्यावर तरी.

ड्रायव्हर कुठून घ्यायचा, यातही धोका आहे. कंपनीच्या संकेतस्थळावरून जुनी पानं निघून जातात आणि शोधयंत्रात वर येतात ते 'ड्रायव्हर अपडेटर' नावाचे प्रोग्राम, ज्यांच्यासोबत नको ते पाहुणे घरात शिरतात. मायक्रोसॉफ्टचा अपडेट कॅटलॉग सर्वांना खुला आहे, त्यात हार्डवेअर आयडी घालून शोधता येतं, आणि कंपनीने टाकून दिलेले बरेच ड्रायव्हर तिथे अजून पडून आहेत. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या यंत्रांसोबत आलेल्या सीडींच्या प्रती लोकांनी चढवून ठेवल्या आहेत. हे दोन साठे नसते तर मोठा ठेवा कायमचा गेला असता.

मराठी डीटीपीवाल्यांचं दुखणं यात थोडं वेगळं आहे. १९९०च्या दशकातल्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरसोबत पॅरलल पोर्टला लावायचं 'लॉक' येई. ते असेल तरच सॉफ्टवेअर उघडे. नव्या संगणकाला तो पोर्टच नाही. यूएसबीची केबल प्रिंटरला चालते, लॉकला नाही, कारण लॉक पोर्टच्या मूळ पत्त्यावर थेट बोलायला पाहतं आणि केबल तो पत्ता पुरवत नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये रचलेली पुस्तकं आज उघडायची, तर एक जुना संगणक जपून ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. कित्येक मुद्रणालयांत तो तसा जपलेला आहे.

लायडी २० विंडोजवर बंद असला तरी लिनक्सवर तो लावताक्षणी चालतो. त्याच्या आत नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीच्या एलएम ९८३२-३३ या मालिकेतली चिप आहे, आणि त्या चिपची डेटाशीट सर्वांना उपलब्ध होती. 'सेन' या स्कॅनर प्रकल्पातल्या स्वयंसेवकांनी तिच्यावरून आणि यूएसबीवरून जाणारा डेटा निरखून ड्रायव्हर लिहिला. एड हॅमरिक यांनी १९९८ साली सुरू केलेलं व्ह्यूस्कॅन हे विकतचं सॉफ्टवेअरही याच वाटेने हजारो जुने स्कॅनर विंडोज आणि मॅकवर जिवंत ठेवतं. प्रिंटरच्या बाजूला रिक रिचर्डसन यांनी झेडजेस्ट्रीमची गुपितं उलगडून एफओओ२झेडजेएस नावाचा ड्रायव्हर लिहिला आणि लेझरजेट १०२० लिनक्सवर छापू लागला. कॅननने कॅप्टसाठी लिनक्सचा ड्रायव्हर स्वतः दिला, पण बंद स्वरूपात, इंटेल जातीच्या प्रोसेसरपुरता.

नव्या प्रिंटरसाठी उद्योगाने आता वेगळी वाट धरली आहे. ॲपलने २०१० साली एअरप्रिंट आणलं, २०१३ साली कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मोप्रिया आघाडी काढली. दोन्हींच्या मुळाशी १९९९ पासूनचा आयपीपी हा उघडा छपाई प्रोटोकॉल आहे. संगणक प्रिंटरला विचारतो, तुला काय येतं, प्रिंटर सांगतो, मग सर्वांना ठाऊक असलेल्या ठरीव स्वरूपात पान जातं. वेगळा ड्रायव्हर नाही. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की कंपन्यांचे स्वतंत्र प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने थांबवायचं. लिनक्स आणि मॅकवरची छपाई ज्या कप्स प्रणालीवर चालते तिचे जनक मायकेल स्वीट हेही ड्रायव्हर मोडीत काढण्याच्या याच मताचे. एपसनच्या पुस्तिकेतल्या उघड्या तक्त्याने जे साधलं होतं, त्याकडे सगळे चाळीस वर्षांनी परत आले. मधल्या पंचवीस वर्षांत विकली गेलेली गुप्त भाषेची यंत्रं तेवढी दोन्हींकडून अंतरली.

त्या यंत्रांसाठी ओपनप्रिंटिंग या मोकळ्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातल्या लोकांनी 'प्रिंटर ॲप्लिकेशन' ही युक्ती काढली आहे. जुन्या ड्रायव्हरला एका वेष्टनात घालायचं आणि बाहेरच्या जगाला तो आयपीपीचा नवा प्रिंटर म्हणून दाखवायचा. पत्त्यांच्या जोडाएवढ्या रास्पबेरी पाय या संगणकावर कप्स आणि एफओओ२झेडजेएस बसवून १०२० त्याला जोडला, की मोबाइलवरूनही पान छापता येतं. पायचा प्रोसेसर एआरएम जातीचा आहे. एफओओ२झेडजेएसचा सोर्स कोड उघडा असल्याने तो त्यासाठी नव्याने बांधता येतो. कॅननचा बंद ड्रायव्हर तिथे चालत नाही, म्हणून एलबीपी २९००साठी काही जण कॅप्टची भाषा उलगडून मोकळा ड्रायव्हर लिहीत आले आहेत. एआरएमवरची विंडोज घेऊन येणाऱ्या नव्या लॅपटॉपवरही हीच अडचण उभी राहते. इंटेलसाठी बांधलेले प्रोग्राम तिथे अनुवाद होऊन चालतात, ड्रायव्हर चालत नाहीत. १०२०चं फर्मवेअर मात्र अजून एचपीच्या मालकीचं आहे. लिनक्सच्या वितरणांना ते सोबत देता येत नाही, त्यामुळे ती छोटी फाइल ज्याची त्याने वेगळी उतरवून घ्यावी लागते, आणि प्रिंटरचं बटण दाबलं की दर वेळी तीच आधी पाठवावी लागते.